चाकाचे बोल्ट काढून स्टड बसवताना

पोलो गाडीच्या चाकाचा शेवटचा बोल्ट निघाला की चाक हबच्या, म्हणजे ज्या फिरत्या भागावर चाक बसते त्याच्या, मधल्या, जेमतेम काही मिलिमीटर रुंदीच्या कडेवर लटकून राहते. उतरवणे त्यामानाने सोपे असते, खरी कसरत असते ती चाक परत चढवताना. पंधरा-सोळा किलोचे चाक एका हाताने आणि गुडघ्याने तोलून धरायचे, त्याचे भोक हबमधल्या भोकासमोर आणायचे आणि आटे तिरके लागू न देता दुसऱ्या हाताने बोल्ट फिरवायचा. हे काम ज्यांनी रात्री घाटात, भर पावसात केले आहे, त्यांना स्टडचे, म्हणजे हबमध्ये कायम बसवलेल्या आटेदार दांड्यांचे, महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. स्विफ्टच्या हबमधून स्टड आधीच बाहेर आलेले असतात, त्यामुळे तिथे चाक स्टडवर अडकवले आणि नट फिरवले की काम झाले.

ढोबळमानाने जपानी, कोरियन, अमेरिकी आणि बहुतेक भारतीय गाड्यांत स्टड आणि नट असतात, तर फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज या युरोपीय घराण्यांत बोल्ट असतात. २००९ पासून २०२२ पर्यंत चाकणच्या कारखान्यात तयार झालेली पोलो याच दुसऱ्या गटातली आहे. तिचा बोल्ट १४ मिलिमीटर व्यासाचा, १.५ मिलिमीटर पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) आट्यांचा असून तो १२० न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या जोराने, आवळायचा असतो. असे बोल्ट काढून हबमध्ये दुतर्फा आटे असलेले स्टड कायमचे बसवायचे आणि चाक नटांनी आवळायचे, याला स्टड कन्व्हर्जन म्हणतात.

हा बदल समजून घेण्याआधी चाक मुळात कशामुळे जागेवर राहते, हे नीट पाहिले पाहिजे. बोल्ट खिळ्यासारखे आडवे राहून चाकाचा भार पेलतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पण ती बरोबर नाही. बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा ताणला जातो, त्या ताणाने चाक हबवर दाबले जाते, आणि गाडीचा भार, ब्रेकचा झटका, खड्ड्याचा आघात हे सारे त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण सोसते. कोरड्या आट्यांसाठी वापरले जाणारे नेहमीचे सूत्र लावले, तर १२० न्यूटन-मीटरला एका बोल्टमध्ये सुमारे ४३ हजार न्यूटन, म्हणजे चार टनांहून अधिक वजनाइतका ताण येतो, आणि पाच बोल्ट मिळून २१ टनांच्या वर दाब देतात. एवढ्या ताणाने बोल्टचा ३० मिलिमीटरचा भाग किती लांबतो? अवघा ०.०५ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या साधारण निम्मा. चाक आणि हब यांच्यामध्ये रंगाचा थर किंवा गंजाचा पापुद्रा राहिला आणि तो नंतर चिरडला गेला, तर या लांबीतला मोठा हिस्सा निघून जातो आणि त्याबरोबर दाबही कमी होतो. म्हणून हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करणे हे बोल्टइतकेच स्टडलाही आवश्यक आहे.

दाब कमी झाला की चाक हबवर अतिसूक्ष्म प्रमाणात आडवे सरकू लागते. अशा आडव्या कंपनांनीच आटे आपोआप उलटे फिरून सैल होतात, हे जर्मन अभियंता गेऱ्हार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवले. त्या दृष्टीने पाहता स्टड बोल्टपेक्षा उपजत अधिक सुरक्षित नाहीत. दोघांचेही काम ताणावर चालते.

मग स्टड का बसवायचे? माझ्या मते सर्वांत सबळ कारण झिजेचे आहे. बोल्टच्या गाडीत प्रत्येक वेळी चाक काढताना हबमधले आटे घासले जातात, आणि ते खराब झाले की सगळा हब बदलावा लागतो. अनेक गाड्यांत त्याबरोबर बेअरिंगही जाते. स्टड असल्यास ती झीज स्टडवर आणि नटावर येते, आणि ते दोन्ही स्वस्तात बदलता येतात. शर्यतीच्या ट्रॅकवर वारंवार चाके बदलणाऱ्यांना म्हणूनच हा बदल सोयीचा वाटतो. शिवाय वेगळ्या जाडीचे अलॉय बसवले, तर प्रत्येक वेळी नव्या लांबीचे बोल्ट शोधावे लागत नाहीत.

धोके मात्र मिलिमीटरमध्ये मोजायचे आहेत. हबच्या पोलादात स्टड निदान त्याच्या व्यासाइतका, म्हणजे १४ मिलिमीटर तरी शिरला पाहिजे, १.५ च्या पिचला हे नऊ वेढ्यांच्या आसपास होते. नटालाही तेवढेच पूर्ण आटे मिळाले पाहिजेत. पण स्टड जास्त आत गेला तर हबच्या मागे बाहेर येतो आणि पुढच्या चाकात नकलला (हब धरून ठेवणाऱ्या स्थिर भागाला) किंवा एबीएसच्या सेन्सरला, मागे ड्रम ब्रेक असल्यास आतल्या भागांना घासू शकतो. म्हणून आधी वर्नियरने खोली मोजावी, स्टडच्या हबकडच्या आट्यांना उष्णता सोसणारा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावावा आणि चाक बसवण्याआधी हब हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कान देऊन ऐकावे.

दुसरी, अधिक फसवी चूक बैठकीची, म्हणजे नट किंवा बोल्ट चाकावर जिथे टेकतो त्या पृष्ठभागाची आहे. फोक्सवॅगनच्या मूळ चाकांतली बोल्टची बैठक चेंडूसारखी गोलाकार असते, तर बाजारातले बहुतेक नट ६० अंशांच्या शंकूचे असतात. शंकू गोल खळग्यात बसवला की तो वर्तुळाकार रेषेवरच टेकतो. आवळताना पाना घट्ट लागल्याची खूण देतो, पण ती रेषा पुढे दबते आणि ताण निघून जातो. तपासण्याची एक साधी रीत आहे: नटाच्या बैठकीवर मार्करची शाई फासावी, नट हलका आवळून काढावा आणि पाहावे. रुंद पट्टा पुसला गेला असेल तर जोडी जुळली. केसाएवढी रेघ पुसली असेल तर तो नट त्या चाकासाठी नाही.

आवळण्याबाबत आपल्याकडची सवय तर थेट घातक आहे. पंक्चरच्या दुकानात ४० सेंटिमीटरच्या पान्यावर ७० किलोचा माणूस उभा राहतो, तेव्हा सुमारे २७५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, म्हणजे नेमून दिलेल्याच्या दुपटीहून जास्त. त्यात कोणी आट्यांना ग्रीस लावलेले असेल, तर घर्षणात जाणारा वाटा घटतो आणि तोच टॉर्क बोल्ट-स्टडच्या १०.९ या मजबुतीच्या दर्जाच्या पोलादाला तुटण्याच्या मर्यादेपलीकडे नेऊ शकतो. नटाकडचे आटे कोरडे ठेवावेत, नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे शेजारचा सोडून समोरचा असे, आवळावेत आणि शेवट टॉर्क मोजणाऱ्या पान्याने, म्हणजे टॉर्क रेंचनेच करावा.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर तोच टॉर्क पुन्हा तपासावा आणि मग प्रत्येक नटावरून चाकावर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. गाडीत बसण्याआधी नजर टाकली की कुठल्या नटाची रेघ तुटली आहे ते उभ्याउभ्या दिसते.