उपाशीपोटी म्हणजे किती उपाशी?

रक्ततपासणीला उपाशीपोटी या म्हटलं की काही जण आदल्या संध्याकाळपासूनच तोंडाला कुलूप लावतात. पाणीसुद्धा नाही! खरं तर साखरेसाठी आठ तास पुरतात, चरबीच्या तपासणीसाठी नऊ ते बारा. साधं पाणी तर प्यावंच. शरीर कोरडं पडलं की शीर सापडत नाही आणि रक्त दाट झाल्याने हिमोग्लोबिन, प्रथिनं उगाच जास्त दिसतात.

जेवणाचा सगळ्यांत ठळक ठसा उमटतो तो ट्रायग्लिसराइडवर, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या चरबीवर. आतड्यांनी शोषलेली चरबी बारीक कणांच्या रूपात रक्तात उतरते आणि काही तास तिथेच फिरत राहते. अशा वेळी घेतलेल्या रक्ताचं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) कधीकधी दुधासारखं पांढुरकं निघतं. बरीच यंत्रं द्रवातून प्रकाश सोडून मोजमाप करतात, त्यामुळे हा गढूळपणा चरबीशी संबंध नसलेल्या तपासण्यांतही घोळ घालतो. एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल; त्याची गंमत आणखी वेगळी. अनेक ठिकाणी ते मोजतच नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढतात. सूत्र १९७२ सालचं. म्हणजे जेवणाने ट्रायग्लिसराइड चढलं की एलडीएल कागदावर आपोआप उतरतं! ट्रायग्लिसराइड ४०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर गेलं तर हे सूत्र वापरायचंच नसतं. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल मात्र एका जेवणाने फारसे हलत नाहीत. म्हणूनच २०१६मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी नेहमीच्या लिपिड (म्हणजे चरबीच्या) तपासणीला उपाशी राहण्याची सक्ती नको, असं सुचवलं.

जितकं जास्त उपाशी, तितका रिपोर्ट खरा, हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. उपास लांबला की शरीर साठवलेली चरबी जाळू लागतं, कीटोन तयार होतात. मूत्रपिंडातून बाहेर पडताना त्यांची यूरिक ॲसिडशी चढाओढ होते आणि यूरिक ॲसिड मागे रक्तात साचतं. बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्यही वाढतं, गिल्बर्ट सिंड्रोम हा यकृताचा निरुपद्रवी जन्मजात दोष असेल तर डोळे पिवळे दिसण्याइतकं.

जेवणानंतरच्या साखरेच्या तपासणीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, जेवण उरकल्यापासून नाही. एचबीएवनसीला, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीला, मात्र घड्याळ लागत नाही. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना साखर चिकटत राहते. तपासणीआधी चार दिवस गोड सोडणाऱ्यांचं पितळ इथे उघडं पडतं.