ब्रेकमधील थरथर व आवाज : निदान

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग, पॅडल किंवा आसनातून जाणवणारी थरथर आणि चाकांकडून येणारा चिरका, घासल्याचा वा ठोक्याचा आवाज यांचे मूळ शोधण्याची पद्धत. दोन्ही तक्रारी एकाच गाडीत असल्या तरी त्यांची कारणे बहुधा वेगळी असतात. त्यामुळे तपासणीही स्वतंत्रपणे करावी लागते.

ब्रेकवर पाय नसतानाही गाडी थरथरत असेल, तर आधी टायर, रिम आणि व्हील बॅलन्सिंग पाहावे. केवळ ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग हलत असेल तर संशय पुढच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या थाळीवर जातो. आसन हलत असेल तर मागच्या ड्रमवर, म्हणजे आतून ब्रेक लागणाऱ्या डब्यावर. मागे ड्रम असलेल्या गाडीत रिकाम्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर ताशी ३०–४० किमी वेगात हँडब्रेकचे बटण दाबून धरावे आणि दांडा हळूहळू ओढावा. तेव्हाही थरथर आली तर ड्रमची गोलाई बिघडलेली असते. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पॅडलला बसणारे झटपट हादरे हे एबीएसचे, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे काम आहे, बिघाड नव्हे.

मुंबईच्या कोंडीत डिस्कचा दोष बरेच दिवस लपून राहतो. थरथर बहुतेक गाड्यांत ताशी ८० किमीच्या पुढे ठळक होते, म्हणून ती पहिल्यांदा जाणवते ती अटल सेतूवर किंवा पुण्याच्या द्रुतगती मार्गावर. गॅरेजमध्ये याला सरसकट ‘डिस्क बेंड झाली’ म्हणतात. प्रत्यक्षात डिस्क उष्णतेने वाकलेली क्वचितच असते. तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. डिस्क हबवर (चाक व डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागावर) किंचित तिरकी बसली, की प्रत्येक फेरीत तिचा तोच भाग पॅडला, म्हणजे डिस्कला दाबणाऱ्या घर्षणपट्टीला पुसटसा घासतो, आणि तेही ब्रेक न लावता. काही हजार किलोमीटरनंतर तो भाग पातळ होतो आणि थरथर सुरू होते. तिरकेपणाचे नेहमीचे कारण म्हणजे हबच्या तोंडावरचा गंज. खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून फिरणाऱ्या गाड्यांत तो लवकर धरतो. हबवर एका बाजूला ०.०३ मिमीचा पापुद्रा राहिला, तर डिस्कच्या कडेशी फरक साधारण दुप्पट होतो. टायरवाल्याने इम्पॅक्ट गनने कमीजास्त आवळलेले नटही हेच करतात.

थरथरीचे दुसरे कारण घाटाचे. बोरघाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला आणि तापलेल्या ब्रेकनिशी खालापूर टोलनाक्यावर पॅडल दाबून थांबले, की पॅडचे द्रव्य डिस्कवर एका जागी चिकटते. घाट खालच्या गिअरमध्ये उतरणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

मोजल्याशिवाय डिस्क बदलू नये. चाक काढल्यावर नटांना वॉशर लावून डिस्क हबवर घट्ट करावी, डायल गेजचे (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचे) टोक कडेपासून सुमारे १० मिमी आत टेकवावे आणि डिस्क पूर्ण एक फेरी फिरवावी. फिरताना डिस्कचे आतबाहेर डोलणे साधारण ०.०५ मिमीच्या आत हवे. नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. मग मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजावी. ०.०२ मिमीचा फरकही पायाला जाणवू शकतो. व्हर्निअर (सरकत्या जबड्यांचे मापक) इथे उपयोगाचा नाही : तो इतके बारीक मोजत नाही आणि झिजलेल्या डिस्कच्या उंच कडेवर टेकून जाडी जास्त दाखवतो. डोलणे जास्त आढळल्यास हब तारेच्या ब्रशने साफ करावा, डिस्क एक भोक पुढे सरकवून बसवावी आणि पुन्हा मोजावे. अनेकदा एवढ्यानेच काम भागते. लेथवर तासल्यानंतर डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पातळ होणार असेल, तर जोडीने नव्या डिस्क घालाव्यात.

आवाजांचा उलगडा तुलनेने सोपा आहे. पावसाळ्यात सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकना होणारी खरखर रात्रीत धरलेल्या गंजाची असते आणि आपोआप जाते. कायम चिरका आवाज येत असेल तर पॅडची जाडी पाहावी; २–३ मिमी उरल्यावर पॅड झिजल्याची सूचना देणारा त्यावरचा पत्रा डिस्कला घासू लागतो. धातूवर धातू घासल्याचा करकराट आला तर गाडी चालवू नये. खड्ड्यातला खडखडाट ढिल्या क्लिपा किंवा पिनांचा असतो. एकाच चाकातला आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला दिसला, तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) सरकत्या पिना जाम झाल्या आहेत असे समजावे. त्या साफ करून सिलिकॉन ब्रेक ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतात. पॅडची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ती श्वासातून आत जाते. ब्रेक क्लीनर वापरावा.

नवे पॅड बसवल्यावर ताशी ५० किमीवरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करावा, मध्ये थोडे अंतर सोडून आणि पूर्ण न थांबता. त्यानंतर काही किलोमीटर ब्रेक शक्यतो न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्यावी.