एक वर्षाचं एमबीए: पदवी की पदविका, हा प्रश्न आला कुठून?

नोकरीत सात-आठ वर्षं काढलेली माणसं पगार सोडून, कर्ज काढून, वर्षभर पुन्हा वर्गात जाऊन बसतात. अहमदाबाद किंवा हैदराबादला या एका वर्षाचा खर्च आज ३० लाखांच्या पुढे जातो. कित्येकांच्या डोळ्यांसमोर पुढची नोकरी सिंगापूर, दुबई, लंडन नाहीतर फ्रँकफर्टची असते. पण या अभ्यासक्रमांबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं ते वेगळंच: "शेवटी हातात पदवी मिळते ना?"

मराठी घरात हा प्रश्न जरा जास्त टोचतो. आपल्याकडे पदवी, पदविका आणि प्रमाणपत्र हे तीन शब्द स्वच्छ वेगळे आहेत आणि त्यांच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. 'डिप्लोमा' म्हटलं की दहावीनंतरचं पॉलिटेक्निक डोळ्यांसमोर येतं. बी.ई. होऊन दहा वर्षं झालेला मुलगा घर गहाण टाकून पुन्हा 'डिप्लोमा' करायला निघाला, हे वडिलांच्या गळी उतरवणं सोपं नसतं. हा घोळ नेमका कसा झाला, याची ही पार्श्वभूमी.

कामावरच्या माणसांना व्यवस्थापन शिकवायची पद्धत अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुजली. १९४३ साली शिकागोच्या विद्यापीठाने नोकरी न सोडता करता येईल असा एमबीएचा वर्ग सुरू केला. 'एक्झिक्युटिव्ह एमबीए' या नावाचं मूळ तिथे आहे. युरोपने वेगळी वाट धरली. १९५७ साली, म्हणजे ज्या वर्षी रोम करार झाला त्याच वर्षी, पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोला एक संस्था उभी राहिली आणि स्वित्झर्लंडमध्ये लोझानला दुसरी. फाँतेनब्लोच्या संस्थेने दोन वर्षांचा अमेरिकी अभ्यासक्रम एका वर्षात बसवला आणि इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा तीन भाषांची अट घातली. विचार सरळ होता. कामाचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला हिशेब म्हणजे काय इथपासून शिकवायची गरज नाही, आणि दोन वर्षं बाजारातून बाहेर राहणं त्याला परवडतही नाही. सीमा ओलांडून काम करायचं असेल तर वर्गातही शेजारच्या बाकावर दुसऱ्या देशाचा माणूस हवा.

भारतात तेव्हा हे शिक्षण कंपन्यांच्या खर्चाने चालायचं. १९५६ साली हैदराबादला वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी स्टाफ कॉलेज स्थापन झालं आणि ते बेला व्हिस्टा या निजामाच्या घराण्याच्या वाड्यात भरू लागलं. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबादच्या आयआयएम (भारतीय व्यवस्थापन संस्था) आल्या, आणि अहमदाबादने आपल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या जोडीला अनुभवी अधिकाऱ्यांचे निवासी वर्गही घेतले. १९६३ साली पवईला विहार तलावाच्या काठी औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था झाली, तिनेही कारखान्यांतल्या माणसांसाठी छोटे वर्ग चालवले. या सगळ्यांत कंपनी माणूस पाठवायची, तो तीन-चार आठवडे राहून शिकून परत त्याच खुर्चीत बसायचा. कागदावर काय छापलंय याची कुणाला फिकीर नव्हती, कारण तो कागद दाखवायचाच नव्हता.

मुंबईचं गणित मात्र निराळं होतं आणि ते मला फार मोलाचं वाटतं. चर्चगेटच्या आणि उपनगरांतल्या संस्थांमध्ये संध्याकाळचे, तीन वर्षं चालणारे अभ्यासक्रम होते. फोर्टमधलं ऑफिस सुटलं की वर्गात जायचं, रात्री उशिराची लोकल पकडून डोंबिवली-कल्याणला उतरायचं, सकाळी पुन्हा तेच. मार्केटिंग किंवा फायनान्सचं हे शिक्षण मुंबई विद्यापीठाचं असल्यामुळे शेवटी रीतसर पदवी मिळायची. म्हणजे लोकलला लोंबकळत शिकलेला कारकून पदवीधर व्हायचा आणि देशातली अत्यंत अवघड प्रवेश परीक्षा पार करून आयआयएममधून बाहेर पडलेला पदविकाधारक.

याचं कारण कायद्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ सांगतं की पदवी देण्याचा हक्क विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास कायदा करून अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. आयआयटींसाठी असा कायदा १९६१ सालीच झाला. आयआयएम मात्र सोसायटी म्हणून नोंदवलेल्या होत्या, आपल्याकडच्या सार्वजनिक ग्रंथालयासारख्या किंवा शिक्षण मंडळासारख्या. त्यामुळे पदवी हा शब्दच त्यांना वापरता येत नव्हता. दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या मुलांचं यामुळे फारसं अडलं नाही. त्यांच्या पदविकेला एमबीएची समकक्षता मिळाली होती आणि मुंबईच्या कंपन्यांना पदविकेचं वजन ठाऊक होतं. अडलं ते पुढे, एक वर्षाचे अभ्यासक्रम आल्यावर.

ते आले ते पैसे कोण भरतो हे बदलल्यामुळे. १९९१ नंतर आणि विशेषतः आयटीतल्या 'ऑनसाइट'च्या, म्हणजे परदेशी क्लायंटकडे जाऊन काम करण्याच्या, लाटेनंतर तिशीच्या आसपासचा इंजिनिअर कंपनीने पाठवायची वाट बघेनासा झाला. तो राजीनामा देऊन, स्वतःच्या नावावर कर्ज काढून यायला लागला. २००१ साली हैदराबादला खासगी पुढाकाराने आणि परदेशी विद्यापीठांच्या मदतीने एक वर्षाचा पूर्णवेळ वर्ग सुरू झाला, प्रवेश जीमॅट या आंतरराष्ट्रीय परीक्षेवर. या संस्थेच्या जागेसाठी आधी मुंबईचाही विचार झाला होता. वाटाघाटी फिसकटल्या त्या स्थानिकांसाठी राखीव जागांच्या मागणीवरून, असं तेव्हा छापून आलं होतं. संस्था हातची गेली याची हळहळ मला आजही वाटते. पदवी किंवा तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता यांच्या मागे ती संस्था लागलीच नाही. अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा कागद तिने दिला आणि नाव बाजारात कमावलं.

मग आयआयएमही उतरल्या. २००६ साली अहमदाबादने पीजीपीएक्स नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम काढला, पुढच्या वर्षी कलकत्त्याने पीजीपीईएक्स, त्यानंतर लखनौने आपल्या नॉयडाच्या आवारात आयपीएमएक्स आणि बंगळुरूने ईपीजीपी. या अक्षरांमधला 'एक्स' किंवा 'ई' म्हणजे एक्झिक्युटिव्ह, आणि खरा गुंता इथूनच सुरू होतो.

परदेशातल्या नोकरी देणाऱ्याच्या कानाला 'एक्झिक्युटिव्ह' म्हणजे शिकागोची परंपरा: शनिवार-रविवारचा वर्ग, चाळिशीकडे झुकलेला विद्यार्थी, फी भरणारी कंपनी, आणि नोकरी बदलायचा प्रश्नच नाही. आपल्याकडे तोच शब्द पूर्णवेळ, निवासी, नोकरी सोडून करायच्या अभ्यासक्रमाला चिकटला. लंडनच्या बायोडेटा वाचणाऱ्याला वाटायचं, हा माणूस वीकेंडला काहीतरी करून आलाय. पुढे ऑनलाइन चालणाऱ्या, आठवड्याला चार तासांच्या प्रमाणपत्रांनाही 'एक्झिक्युटिव्ह' लावायची पद्धत पडली, आणि वर्षभर आवारात राहून रात्र रात्र कंपन्यांच्या केस स्टडी वाचलेल्या माणसाची ओळख आणखी पातळ झाली. माझ्या मते या क्षेत्राचं सगळ्यात मोठं नुकसान या एका शब्दाच्या ढिसाळ वापराने केलं.

त्यातली गंमत नव्हे, वेदना अशी की जागतिक क्रमवारी करणाऱ्यांना फरक बरोबर कळला होता. लंडनच्या एका अर्थविषयक दैनिकाच्या यादीत अहमदाबादचं एक वर्षाचं पीजीपीएक्स पूर्णवेळ एमबीएंच्या रांगेत बसतं. तिथलंच दोन वर्षांचं, कॅट देऊन मिळणारं, नावाजलेलं पीजीपी मात्र 'मास्टर्स इन मॅनेजमेंट' या दुसऱ्या यादीत जातं, कारण त्यातल्या मुलांना कामाचा अनुभव फारसा नसतो. जग अनुभव मोजत होतं. आपला नियम महिने मोजत राहिला.

याचा काच कुणाला बसला, तर सगळ्यांना सारखा नाही. चार वर्षांचं बी.ई. केलेल्याचं परदेशात बऱ्यापैकी निभावतं. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाला किंवा जर्मनीत नोकरीसाठी लागणाऱ्या ब्लू कार्डला सहसा मूळ पदवी लागते, ती त्याच्याकडे असते. व्यवस्थापनाच्या वर्षाने नोकरी मिळते, व्हिसा बी.ई.वर निघतो. दरवर्षीच्या ६५ हजार एच-वन-बी व्हिसांच्या वर मास्टर्सवाल्यांसाठी जे वेगळे २० हजार आहेत ते अमेरिकेतल्याच संस्थांतून शिकलेल्यांसाठी, म्हणजे तिथे आपली पदवी असली काय आणि पदविका असली काय, फरक पडत नाही. कोंडी होते ती बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांची. त्यांचं शिक्षण बारावीनंतर तीन वर्षांचं, एकूण पंधरा. कागद तपासणारे सोळा वर्षं शोधतात. ते सोळावं वर्ष पदविकेचं असेल तर धरायचं की नाही, हे ज्याच्या टेबलावर फाइल जाईल त्याच्यावर ठरायचं.

आखातात आणखी एक पायरी. तिथे वरच्या हुद्द्यावर जायचं तर प्रमाणपत्राचं अटेस्टेशन लागतं: आधी राज्याच्या शिक्षण खात्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग वकिलातीचा. माझ्या एका मित्राला २०११ साली दुबईहून बोलावणं आलं. बी.कॉम.चं मुंबई विद्यापीठाचं प्रमाणपत्र त्याच्या आईने जपून लॅमिनेट करून ठेवलेलं होतं. शिक्का बसावा म्हणून एजंटाने ते प्लॅस्टिक इस्त्रीच्या उबेवर कडेकडेने सोडवलं, तरी एका कोपऱ्यात विद्यापीठाच्या मुद्रेची शाई निघून आली. एक वर्षाच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमाचा जाड, सोनेरी कडेचा कागद त्याने सोबत दिला होता. तो तसाच परत आला. पाठीवर तीन शिक्के पडले ते वीस वर्षांच्या जुन्या, कोपरा गेलेल्या बी.कॉम.वर. ज्या शिक्षणामुळे त्याला ती नोकरी मिळाली, त्याचा त्या फाइलमध्ये मागमूस नव्हता.

डिसेंबर २०१७ मध्ये आयआयएमचा कायदा झाला आणि ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला. कलम २२ ची अट एका फटक्यात पूर्ण झाली: संसदेने अधिकार दिला. पदविकांच्या जागी एमबीए छापलं जाऊ लागलं, कलकत्त्याच्या पीजीपीईएक्सचं नाव एमबीएईएक्स झालं. वाटलं, संपला प्रश्न.

पण २०२० साली दिल्लीतून हरकत आली. विद्यापीठांचं नियमन करणाऱ्यांनी २०१४ साली पदव्यांची नावं आणि किमान मुदती ठरवून दिल्या होत्या, त्यात पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची. केंद्रातल्या शिक्षण खात्याचं म्हणणं पडलं की एका वर्षात एमबीए देणं त्या नियमात बसत नाही. संस्थांचं उत्तर होतं की आमचा अभ्यासक्रम आणि आमच्या पदव्या ठरवायचा अधिकार आम्हाला आमच्या कायद्याने दिला आहे, विद्यापीठांचे नियम आम्हाला लावू नका.

दोन्ही बाजू समजून घेता येतात. मुदत सैल सोडली तर उद्या सहा महिन्यांत कुणीही एमबीए विकेल, ही भीती खोटी नाही. गल्लोगल्ली उगवलेली आणि पुढे बंद पडलेली व्यवस्थापन महाविद्यालयं महाराष्ट्राने पाहिली आहेत. तरीही मला संस्थांचं म्हणणं पटतं. बावीस वर्षांच्या मुलाला जे शिकायला दोन वर्षं लागतात ते कारखान्याची शिफ्ट, क्लायंटच्या शिव्या आणि टीमचे राजीनामे झेललेल्या माणसाला एका वर्षात शिकता येतं. या एका वर्षात सुट्ट्या जवळपास नसतात, हेही महिने मोजताना कुणी मोजत नाही.

गंमतीचा योग असा की हा वाद चालू असतानाच, जुलै २०२० मध्ये, नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि त्यात एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीला जागा होती. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जून २०२४ च्या आराखड्यात ती पक्की झाली: चार वर्षांची पदवी असेल तर एका वर्षात पदव्युत्तर, तीन वर्षांची असेल तर दोन. मधल्या काळात, २०२३ साली, आयआयएम कायद्यात दुरुस्ती झाली. राष्ट्रपती या संस्थांचे अभ्यागत (व्हिजिटर) झाले, म्हणजे संचालकांच्या नेमणुकीत दिल्लीचा हात पुन्हा आला, आणि पवईची ती १९६३ ची संस्था आयआयएम मुंबई झाली. आजवर पदविका देत आलेल्या विहारच्या काठच्या आवाराला पदवी द्यायचा अधिकार मिळाला.

विद्यापीठांच्या एक वर्षाच्या हिशेबात चार वर्षांची पदवी असलेले बसतात. पंधरा वर्षांच्या शिक्षणावर दहा वर्षं बँकेत किंवा निर्यातीत काढलेला बी.कॉम. बसत नाही. त्याच्यासाठी एक वर्षाची पदवी आजही आयआयएमच्या स्वतंत्र कायद्यावरच उभी आहे. आणि २०१८ च्या आधी बाहेर पडलेल्या तुकड्यांच्या कपाटात जो कागद आहे, त्यावर पदविका असंच छापलेलं आहे.