आउटफिल्डरचा वेग निराळा, रेंज निराळी

‘६० यार्ड ६.६ सेकंदांत पळतो, म्हणजे सेंटर फिल्डला ठेवा.’ बेसबॉलच्या निवड चाचणीच्या कागदांवर हा शेरा इतक्यांदा दिसतो की त्यात काही चुकतंय हेच कुणाला वाटेनासं झालंय. (आउटफिल्ड म्हणजे बेसच्या पलीकडचं लांबचं मैदान, सेंटर फिल्ड हा त्याचा मधला भाग.) पहिला अर्धा भाग मोजमाप आहे. दुसरा अर्धा त्यातून निघतच नाही.

वेगाबद्दल फार सांगायला नको. सरळ रेषेत १८० फूट, हातात स्टॉपवॉच, झालं. जोडीला बॅट लागल्यापासून पहिल्या बेसपर्यंतचा वेळ घ्या. मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगची, सरासरी उजव्या बॅटरसाठी ४.३ सेकंदांच्या आसपास, डावखुऱ्यासाठी ४.२. डावखुरा एक-दीड पाऊल बेसच्या जवळ उभा असतो, हे मोठं कारण. खेळाडू हेरणाऱ्या स्काउटांच्या २० ते ८० च्या पट्टीवर यातून धावण्याचे गुण मिळतात.

रेंज म्हणजे चेंडू पडायच्या आत किती मैदान झाकता येतं. तिचे तीन भाग: निघणं, योग्य दिशेला निघणं आणि मग पळणं. वेग फक्त तिसऱ्या भागात मोजला जातो.

आता हिशोब पाहा. १८० फुटांत एक मुलगा ६.६ घेतो, दुसरा ६.९. फरक ०.३ सेकंदांचा. पण आउटफिल्डमधला अवघड कॅच म्हणजे बहुतेकदा ६० ते ९० फुटांची धाव. तेवढ्या अंतरात हा फरक साधारण ०.१ ते ०.१५ सेकंदांवर येतो. उलट पाव सेकंद उशिरा निघालेला मुलगा, सेकंदाला २६ फुटांचा वेग धरला तर, सहा फुटांहून जास्त गमावतो. कॅच सुटायला एवढं पुष्कळ झालं.

हा पाव सेकंद जातो कुठे? पुष्कळदा कानात. प्लेटपासून, म्हणजे बॅटर जिथे उभा असतो तिथून, ३०० फुटांवर उभ्या मुलाला बॅटचा ‘टक्’ आवाज सुमारे ०.२७ सेकंद उशिरा ऐकू येतो. आवाजावर निघणारा मुलगा कितीही चपळ असला तरी डोळ्यांवर निघणाऱ्याच्या मागेच राहणार. डोळ्यांवर निघणारा ओळखायचा कसा? चेंडू प्लेटवर पोचता पोचता तो हलकी उडी घेतो आणि बॅट लागते त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीला लागतात. टाचांवर टेकून, हात गुडघ्यांवर ठेवून उभा असलेला मुलगा बहुधा आवाजाचीच वाट बघत असतो.

मग दिशा. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूला पहिलं पाऊल पुढे टाकून मग मागे वळणं ही सगळ्यात महाग चूक. त्याखालोखाल केळ्यासारखा वळणदार रस्ता, आणि तोंड चेंडूकडे ठेवून उलटं पळणं. ग्लोव्ह आधीपासून लांब धरून पळणाऱ्यांचाही वेग मरतो. ग्लोव्ह शेवटच्या दोन-तीन पावलांत बाहेर काढायचा असतो.

मेजर लीगच्या स्टॅटकास्ट या मोजमाप यंत्रणेतही हे वेगळंच मोजतात. धावण्याच्या वेगाची सरासरी सेकंदाला २७ फूट, ती एका रकान्यात, ‘जंप’ दुसऱ्यात. जंपमध्ये पहिल्या तीन सेकंदांतले फूट धरतात: पहिला दीड सेकंद प्रतिक्रिया, पुढचा दीड सेकंद झेप, आणि त्यातले किती फूट खरोखर योग्य दिशेला गेले ते.

तुमच्याकडे ती यंत्रणा नसली तरी फोन पुरतो. प्लेटमागे उंचावर उभं राहून सेकंदाला ६० फ्रेमवर चित्रण करा, बॅटर आणि आउटफिल्डर दोघं चौकटीत हवेत. बॅट लागल्यापासून पहिल्या खऱ्या पावलापर्यंतच्या फ्रेम मोजा. १५ फ्रेम म्हणजे पाव सेकंद. फिल्डरजवळ उभं राहून आवाजावर घड्याळ लावू नका, तुम्हीही त्याच ०.२७ सेकंदांत फसाल. किमान वीस चेंडू पाहा. सरळ मागे, दोन्ही खांद्यांवरून, दोन्ही बाजूंना आणि पुढे, असे सगळे हवेत. आणि कृपा करून प्रशिक्षकाने फंगो बॅटने (सरावासाठीच्या हलक्या बॅटने) उडवलेल्या चेंडूंवर गुण देऊ नका. तिथे चेंडू कधी आणि कुठे येणार हे मुलाला आधीच कळलेलं असतं. चेंडू टाकणाऱ्या पिचरसमोर बॅटर उभा असतानाचेच चेंडू धरा.

बाकीचे घोळ किरकोळ. सरावात होमरन मारणं ही कच्ची ताकद, सामन्यात पिचरच्या वळणाऱ्या चेंडूवर ती दिसली तर खेळातली ताकद. धातूच्या बॅटचे आकडे लाकडी बॅटच्या आकड्यांशेजारी मांडूच नयेत. हाताचंही तसंच: उंच कमानीचा लांब थ्रो टाळ्या मिळवतो, पण मध्ये उभं राहून थ्रो अडवणाऱ्याला (कटऑफ घेणाऱ्याला) छातीच्या उंचीवर मिळेल आणि त्याने सोडून दिला तर एका टप्प्यात प्लेटमागच्या कॅचरकडे जाईल असा थ्रो उपयोगाचा. खांदे रुंद, हातपाय लांब, अंग अजून भरलेलं नाही, असा पंधरा वर्षांचा मुलगा दिसला तर आजच्या ताकदीबरोबर पुढे येऊ शकेल त्या ताकदीचाही आकडा लिहा, शेजारी पण वेगळा.

सेंटर फिल्डसाठी ६.९ चा पण वेळेवर निघणारा मुलगा घ्यावा. ६.६ चा उशिरा निघणारा तूर्त लेफ्ट फिल्डला, म्हणजे आउटफिल्डच्या डाव्या बाजूला, उभा करा आणि महिन्याभराने पुन्हा फ्रेम मोजा.