आधी मागची काच बघा

जुनी वाइड लेन्स, म्हणजे रुंद दृश्य मावणारी लेन्स, हातात आली की बहुतेक जण पुढून बघतात, ओरखडे मोजतात. मी आधी ती उलटी करतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी (लेन्समधून नाही, तर वेगळ्या खिडकीतून बघून फोकस जुळवायचा कॅमेरा) घ्यायची असेल तर खरी गंमत मागेच असते.

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधूनच बघायचं असतं, म्हणून फिल्मसमोर आरसा वरखाली होतो. त्याला जागा हवी, म्हणून निकॉन एफमध्ये लेन्सची बैठक फिल्मपासून ४६.५ मिमी लांब आहे. एवढ्या लांबून २१ किंवा ३५ मिमी नाभीय अंतराची लेन्स (आकडा लहान तितकं दृश्य रुंद) चालवायची तर पुढे मोठं अंतर्गोल भिंग लावून द्राविडी प्राणायाम करावा लागतो. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही. लेन्स आट्यांवर फिरवून बसवायच्या जुन्या लायका कॅमेऱ्यात हे अंतर २८.८ मिमी, आणि मागची काच त्याच्याही आत शिरू शकते. मग प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या दोन्ही अंगांना साधारण सारखी भिंगं ठेवता येतात. एका अंगाने रेषा वाकवली की दुसरं अंग ती सरळ करतं. घराच्या भिंती फोटोतही सरळ उभ्या राहतात त्या यामुळे.

लेन्स आखणाऱ्या लुडविग बेर्टेलेने १९३० च्या दशकात झाइस या जर्मन कंपनीसाठी केलेली ३५ मिमी बायोगॉन याच वळणाची. तिचा सोव्हिएत अवतार म्हणजे ज्युपिटर-१२, एफ २.८ (हा आकडा छिद्राचा, लहान म्हणजे छिद्र मोठं). माझ्याकडे आहे. मागची काच डोळ्याच्या बुबुळासारखी बाहेर आलेली, त्यामुळे टोपणही खोल लागतं. उथळ लावलं तर थेट काचेवर घासतं. छिद्राची कडी पुढे आत दडलेली, एफ ८ करायचं तर कॅमेरा आपल्याकडे वळवून डोकवायचं. वैताग आहे, पण फोटो बघितला की राग जातो.

मागच्या काचेचं हेच कुबड घातही करतं. लायका एम५ आणि सीएलमध्ये प्रकाशमापकाचा दांडा लेन्सच्या मागे उभा राहतो. खोल लेन्स त्याला धडकते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कॉन्टॅक्स या झाइसच्याच रेंजफाइंडरमध्ये तर झाइसची स्वतःची युद्धापूर्वीची बायोगॉन मावेना. आणि ज्युपिटर-१२ आट्यांची वेगळी, कॉन्टॅक्स आणि त्याचा सोव्हिएत अवतार कीव्ह यांची वेगळी. जुन्या झेनिट या सोव्हिएत कॅमेऱ्याचे आटेही लायकासारखे ३९ मिमीचेच, पण तो एसएलआर. त्याची लेन्स रेंजफाइंडरवर फिरून बसेल, फोकस मात्र जुळणार नाही.

कोपरे काळवंडणार, हेही धरून चला. किरण जितका तिरका, तितका प्रकाश कमी, तोही कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने. हिशेबाने ३५ मिमीला कोपऱ्यात मध्याच्या निम्मा प्रकाश पोचतो, २१ मिमीला जेमतेम पाव. कृष्णधवल रोलवर ते शोभतं, स्लाइडवर खुपतं. पहिलीच वाइड असेल तर मी ३५ सुचवेन. एफ ८ ला फोकस ५ मीटरवर ठेवला की अडीच मीटरपासून पुढचं सगळं चालण्याइतपत स्पष्ट येतं, रेंजफाइंडर थोडा चुकला तरी.

शेवटी टॉर्च. छिद्र पूर्ण उघडून मागून तिरका उजेड टाका. धुरकट साय दिसली तर ती बहुधा ग्रीसच्या वाफेची, साफ होऊ शकते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. वेळेत नाही काढली तर काचेवरचा लेप खाते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कपाटात कोंडलेल्या लेन्स हमखास अशा निघतात. माझ्या ज्युपिटरच्या कडेलाही एक धागा होता. भाव पाडायला तेवढा पुरला.