अ‍ॅपर्चरचा आकडा फसवतो तेव्हा

फांदीच्या टोकावर चतुर बसलाय. कॅमेऱ्याला ५० मिमीची लेन्स, तिच्यामागे ५० मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्सला फिल्मपासून दूर नेणाऱ्या पोकळ नळ्या. आता फिल्मवरची प्रतिमा किड्याएवढीच, म्हणजे १:१. लेन्सवरचा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाचा, आकडा एफ/१६ सांगतो (आकडा मोठा तितकं भोक लहान), पण फिल्मला मिळतोय एफ/३२ इतकाच उजेड.

असं का? भिंतीवर टॉर्च मारा आणि दुप्पट मागे सरका. उजेडाचं वर्तुळ चौपट होतं नि तितकंच फिकं पडतं. लेन्स फिल्मपासून ५० ऐवजी १०० मिमीवर गेली की हेच होतं. दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा)! लेन्समधूनच उजेड मोजणाऱ्या कॅमेऱ्याला हे आपसूक कळतं. हातातल्या मीटरवाल्याला हिशेब करावा लागतो. तो विसरला, तर चूक कळते थेट रोल धुऊन आल्यावर.

मग अ‍ॅपर्चर उघडावं? १:१ ला एफ/१६ वरही जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो, एफ/८ वर एकच. डोळा लख्ख, पंख धुक्यात. उलट फारच बंद केलं, तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळं चित्र मऊ पडतं.

उरलं शटर, ते जास्त वेळ उघडं ठेवायचं. आयएसओ ५० ची, म्हणजे उजेडाला मंद असलेली, स्लाइड फिल्म, झाडाची सावली, एफ/१६: एक्स्पोजर अर्धा-पाऊण सेकंद. तेवढ्यात फांदी एक मिलिमीटर हलली, तर फिल्मवरही प्रतिमा मिलिमीटरभर फरफटते. ढग आले की सेकंद ओलांडतो, आणि फिल्मचा स्वभावच बदलतो. फिल्मवरच्या सिल्व्हर हॅलाइडच्या, म्हणजे चांदीच्या क्षाराच्या, स्फटिकात चांदीचे चारेक अणू एकत्र आले, तरच ठसा टिकतो. उजेड थेंबथेंब आला, तर पहिला अणू जोडीदाराची वाट पाहता पाहता विरून जातो. म्हणून हिशेबापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. रंगीत फिल्मचे तीन थर यात वेगवेगळे वागतात, त्यामुळे रंगही बिघडतात. या सगळ्यावर फ्लॅश हा मला तरी एकमेव खरा उतारा वाटतो. त्याचा झटका इतका क्षणिक, की फांदीचं हलणं दिसतच नाही.

यशिका-मॅटसारख्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. बघायची लेन्स वर, फोटो काढणारी खाली. दूरच्या डोंगराला याने फरक पडत नाही. जवळच्या फुलाचं मात्र वरून नीट दिसलेलं डोकं फोटोत उडतं. मामियाने त्यावर पॅरामेंडर नावाचं साधन काढलं होतं. फोकस झाला की ते कॅमेरा दोन लेन्समधल्या अंतराइतका वर उचलतं. तेवढा वेळ चतुराने मात्र जागेवर बसून राहायला हवं.