मच्छीमारांचा अपघात विमा: नाव कसं नोंदवायचं, दाव्याला कोणते कागद लागतात

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यासाठी मच्छीमाराला एक रुपयाही भरावा लागत नाही. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, महाराष्ट्रासाठी वाटा ६०:४०. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास २.५ लाख, आणि अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागल्यास २५ हजारांपर्यंत रक्कम मिळते. वयाची अट १८ ते ७० वर्षं.

होडी स्वतःच्या नावावर असायला हवी, हा गैरसमज आधी काढून टाका. मासेमारीत आणि तिला जोडलेल्या कामांत प्रत्यक्ष असलेला माणूस पात्र ठरतो. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, खलाशी, किनाऱ्यावरून रापण हे मोठं जाळं ओढणारे, सगळे. होतं असं की मच्छीमार सोसायटीच्या यादीत मालकाचं नाव असतं आणि हंगामापुरता होडीवर चढलेला खलाशी राहून जातो. पाण्यात सगळ्यात जास्त धोका त्याचाच, म्हणून मालकाने त्याचं नाव आधी घालावं.

नोंदणीसाठी गावची मच्छीमार सहकारी संस्था किंवा मत्स्यव्यवसाय विभागाचं कार्यालय गाठा. रायगडचं जिल्हा कार्यालय अलिबागला आहे, सिंधुदुर्गचं मालवणला. आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक आणि वारसाचं नाव ही माहिती तयार ठेवा. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल व्यासपीठावरही नाव नोंदवून ठेवा. त्यातून तुम्ही कोणतं काम करता याची डिजिटल ओळख मिळते, आणि आपण मच्छीमार आहोत हे दाखवायला ती उपयोगी पडते. आधारवरचं नाव आणि पासबुकातलं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते घरीच पाहा. एकीकडे वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरूनही पैसे अडकतात. पॉलिसी १२ महिन्यांची असते, त्यामुळे गेल्या वर्षी नाव होतं म्हणून यंदाही असेलच असं धरू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा वेळ मिळतो. यादीत नाव आहे याची खात्री होडी पाण्यात लोटण्याआधी करून घ्या.

दाव्यात खरी अडचण येते ती मृत्यूच्या वेळी. बुडून मृत्यू झाला तर पोलीस सहसा गुन्हा नोंदवत नाहीत, अकस्मात मृत्यूची नोंद करतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १७४ ची जागा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ ने घेतली आहे. एफआयआर नाही म्हणून घरचे घाबरतात, पण इथे त्या नोंदीची प्रत आणि पंचनामा हेच महत्त्वाचे कागद आहेत. त्यासोबत शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसाचं आधार आणि बँक तपशील लागतात. दुःखाच्या घाईत शवविच्छेदन टाळू नका. हा विमा अपघाताचा आहे. होडीवर हृदयविकाराने गेलेल्या माणसाचा मृत्यू त्यात बसत नाही, आणि मृत्यू बुडून झाला की आजाराने, हे तो अहवालच सांगतो. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला असेल तर रासायनिक विश्लेषणाचा अहवाल यायला वेळ लागतो. तोवर थांबू नका, विभागाला लेखी कळवून पोच घ्या.

मृतदेह सापडलाच नाही तर गोष्ट फार कठीण होते. सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर मृत्यू गृहीत धरण्याचा कायद्यातला सर्वसाधारण नियम आहे, आणि कुटुंबाला एवढी वर्षं थांबणं परवडत नाही. अशा वेळी त्याच दिवशी दिलेली बेपत्ता असल्याची तक्रार, तटरक्षक दलाने घेतलेल्या शोधाची नोंद आणि सोबतच्या खलाशांचे जबाब यांवरच पुढचं सगळं उभं राहतं. म्हणून १५५४ या तटरक्षक क्रमांकावर आणि १०९३ या सागरी पोलिसांच्या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. शोध लवकर सुरू होतो, आणि वेळेची नोंदही होते.

पुरावा किनाऱ्यावरच तयार होतो. बंदरात टोकन, म्हणजे समुद्रात जाण्याची नोंद-पावती, घेऊन सुटलेल्या होडीवर कोण होतं ते नोंदवलेलं असतं. पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, सुटणाऱ्या छोट्या फायबरच्या होड्यांची अशी नोंद बऱ्याचदा नसते, आणि नेमक्या त्याच होड्या खाडीच्या तोंडावर उलटतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचं पाणी जोराने बाहेर पडतं, समोरून लाट येते, आणि वाळूच्या पट्टीवर पाणी उथळ झालं की ती उभी राहून फुटते. होडीचा तोल तिथेच जातो. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या एकाला माणसांची नावं, सुटण्याची वेळ आणि परतण्याची वेळ मोबाइलवर पाठवून ठेवा. आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं. कप्प्यात बांधून ठेवलेलं जॅकेट होडी उलटल्यावर हाताला लागत नाही.

जखमींच्या बाबतीत दोर आणि तो ओढणाऱ्या विंच या यंत्रामध्ये हाताची बोटं सापडणं ही नेहमीची इजा आहे. डॉक्टरला पहिल्याच तपासणीत इजा कुठे, कशी आणि किती वाजता झाली ते सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. नंतर लिहून आणलेल्या कागदावर शंका घेतली जाते. दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख असलेलं डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं आणि एक्स-रे जपून ठेवा. बोट कायमचं गेलं असेल तर सरकारी रुग्णालयाचं अपंगत्व प्रमाणपत्रही काढून घ्या.